पायाची हजेरी

आमच्या घरात 'चालायला जाणं' नावाचं काही नव्हतं. माणूस चालायचा तो कुठेतरी पोचण्यासाठी: मिठागरावर, बाजारात, लग्नाला, मयताला. पोचला की चालणं संपलं. त्यामुळे बाबाला साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, तेव्हा त्याने त्यांना सरळ विचारलं, "कुठं?"

"कुठेही. नुसतं चालायचं," डॉक्टर म्हणाले.

"कामाबिगर?" बाबा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. घरी आल्यावर आईला सांगितलं, "येडा हाय गो त्यो डॉक्टर."

बाबाला मी अरे-तुरेच करते. आमच्यात बापाला अहो-जाहो करण्याची पद्धत नाही. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले, तिथल्या शाळेत मुलांना मराठी शिकवायला लागले, तरी मला ते जमलेलं नाही, आणि इथे लिहितानाही जमणार नाही. माझी बोली मात्र पार बदलली. त्यावरून बाबा मला 'डोंबिवलीची बाय' म्हणून चिडवतो.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठचं. एकेकाळी भातशेती आणि मिठागर यांवर चालणारं. आता गाव म्हणजे चार गल्ल्या, एक देऊळ आणि भोवती टॉवर. एका टॉवरखाली आमची जमीन आहे आणि त्याच टॉवरमध्ये वरती आमचं घर. लोक म्हणतात, तुमचं काय बुवा, मातीचं सोनं झालं. झालं खरं. पण जमीन गेली तेव्हा बाबा चांगला धडधाकट होता, आणि एका दिवसात त्याला करायला काही उरलं नाही. आम्ही सगळ्यांनी त्याला प्रेमाने सांगितलं, जन्मभर राबलास, आता बस. तो बसला. बिल्डिंगच्या गेटपाशी, वॉचमनच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. वर्षानुवर्षं बसला. मी माहेरी गेले की आधी ती खुर्ची दिसायची, मग बाबा.

साखरेनंतर माझ्या भावाने त्याला पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. भावाच्या ऑफिसात सगळ्यांच्या मनगटावर तसं घड्याळ होतं आणि दिवसाची दहा हजार पावलं भरली की ते थरथरायचं. मला वाटलं, आठ दिवसांत हे कपाटात जाणार. पण पहिल्यांदा ते बाबाच्या हातावर थरथरलं तेव्हा तो दचकला, मनगटाकडे बघत राहिला आणि आईला हाक मारून म्हणाला, "आज हजेरी भरली."

मिठागरावर संध्याकाळी मुकादम हजेरी लावायचा. ती लागली म्हणजे दिवस कामी आला. इतक्या वर्षांनी बाबाला पुन्हा कोणीतरी संध्याकाळी सांगत होतं, की तुझा दिवस कामी आला. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठून खाली गेला.

त्यानंतर त्याला कोणी थांबवू शकलं नाही. खुर्ची रिकामी राहू लागली. बाबा टॉवरच्या पोडियमवर, पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीत, गोल गोल फिरायचा, त्याचा कंटाळा आला की गावात, गाव संपलं की हायवेच्या कडेने. संध्याकाळी आकडा कमी पडला तर घरातल्या घरात हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या. आई म्हणायची, "तुमच्या बापाला भूत लागलाय." पण साखर खाली आली होती, पँट कमरेला सैल झाली होती, तोंडावर तुकतुकी आली होती. भावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबाचा रोजचा आकडा टाकायचा आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवायची. मी स्टाफरूममध्ये मैत्रिणींना दाखवायचे, बघा, आमचा बाबा. मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

आता बाबाच्या पायांबद्दल सांगायला हवं. पावसाळा सरला की मिठागराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर खाडीचं पाणी मुरून जातं आणि मीठ धरत नाही. माणसं ओळीने उभी राहून तासन्‌तास चिखल तुडवायची. खाऱ्या पाण्याने तळवे आधी सोलवटायचे, मग फाटायचे, मग निबर व्हायचे. बाबाचे तळवे तसे होते. लहानपणी आम्हाला दाखवायला तो चुलीतून बाहेर पडलेला निखारा पायाने परत आत सारायचा. अलीकडे तर खिळ्यावर पाय पडला तरी त्याला कळायचं नाही. "मिठागरानचा पाय हाय यो," तो म्हणायचा, "याला काय लागत नाय." आम्हीही पाहुण्यांना ते कौतुकाने सांगायचो. तरुणपणीच्या निबर पायाला निदान कळायचं तरी, आणि आता काहीच कळत नाही, हा फरक आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. न कळणं हीच तर त्या पायाची शान होती.

मग नवरात्र आलं. आमच्या घरी पुरुष नऊ दिवस अनवाणी राहतात. बाबाने वय झालं म्हणून मधली काही वर्षं ते सोडलं होतं. त्या वर्षी अंगात दम आला होता, म्हणून त्याने पुन्हा धरलं. नुसतं धरलं नाही, रोज ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीला पायी जायचं ठरवलं. देवीही होईल आणि हजेरीही भरेल. आई एवढंच म्हणाली, "देवीला चाललाय का घड्याळाला, ते एकदा ठरवा." ऑक्टोबरचं ऊन, भर दुपारी तापलेला डांबरी रस्ता, नाक्यावर मंडप, कमानी, गर्दी. ग्रुपवर रोजचा आकडा वाढत होता आणि आम्ही टाळ्या पाठवत होतो.

दसऱ्याला मी माहेरी गेले. बाबा देवीहून नुकताच आला होता. सोनं वाटायला हॉलमध्ये इकडून तिकडे फिरत होता. आमच्या घरातली फरशी पांढरीशुभ्र आहे, भावाची हौस. त्या फरशीवर बाबाच्या उजव्या पावलामागे एक ओलसर, तांबूस डाग उमटत होता. पाऊल, डाग. पाऊल, डाग. मला आधी वाटलं कुंकू असेल.

"बाबा, पाय बघू."

"काय बघायचाय पायान?"

"बस आणि दाखव."

बोटांखाली तळव्याला मोठा फोड येऊन फुटला होता. उन्हाने भाजलेलं असणार. आणि मधल्या बोटाच्या मुळाशी मंडपाचं कापड ठोकतात तसली पिन रुतून बसली होती, पूर्ण आत, फक्त डोकं दिसत होतं. भोवतालचं मांस काळपट झालं होतं. किती दिवस तो त्या पिनेवर चालत होता देव जाणे. मी पायाला हात लावला तर पाय तापलेला. बाबा माझ्याकडे बघत होता, चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. त्याच क्षणी मला भीती वाटली. एवढं होऊन ज्याला दुखत नाही, त्याच्या पायाचं काय झालंय ते मला अचानक समजलं.

माझ्या ओळखीच्या डॉक्टर डोंबिवलीत होत्या, म्हणून त्याला गाडीत घालून तिकडेच आणलं. शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो. बाबा सारखा म्हणत होता, एवढ्याशा पिनेसाठी कशाला पेट्रोल जाळता. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलायला रोखठोक. साखरेने पायाच्या नसा केव्हाच मेल्यात, त्या म्हणाल्या. पू हाडापर्यंत गेलाय, मधलं बोट काढावं लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण जखम भरेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. एकदाही नाही.

"चालायचा नाय?" बाबाने विचारलं.

"अजिबात नाही, काका."

"तुमीच तर चाला बोल्ले." त्याला सगळे डॉक्टर एकच.

बोट गेलं. ड्रेसिंगसाठी वरचेवर दवाखान्यात जायचं होतं, म्हणून त्याला आणि आईला मी माझ्याच घरी ठेवून घेतलं. बाबाला ते अजिबात रुचलं नाही. लेकीच्या घरी माणसाने सणाला यावं, जेवावं, संध्याकाळी निघावं. तिथे खाट अडवून राहायचं म्हणजे त्याच्या दृष्टीने लाजच. माझ्या नवऱ्याने परोपरीने सांगितलं की बाबा, हे तुमचंच घर. बाबा मान डोलवायचा आणि पाहुण्यासारखा खाटेच्या कडेला बसायचा.

त्याला बसवून ठेवायला मी एक युक्ती काढली. म्हटलं, बाबा, आता हजेरी उलटी. आकडा जितका कमी तितकी हजेरी पक्की. घड्याळ हातावर ठेव, मी शाळेतून फोनवर बघत जाईन. तो हसला, पण त्याला ते पटल्यासारखं दिसलं. मधल्या सुट्टीत मी फोन उघडायचे. आकडा जवळजवळ शून्य. कुबडीने एका पायावर उड्या मारत बाथरूमला जायचा तेवढाच काय तो. मला वाटायचं, शहाण्यासारखा वागतोय.

पण जखम भरेना. तिसऱ्या की चौथ्या ड्रेसिंगला डॉक्टर बाईंनी पट्टी सोडली. जखम पुन्हा उघडली होती. "हे पाय टेकवतायत," त्या मला म्हणाल्या. मी फोन काढून दाखवला, बघा, कुठे चालतात? त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "अजून एकदा उघडली तर बोटावर भागणार नाही. घोट्याखालचा सगळा पाय जाईल. हे तुम्ही नीट लक्षात घ्या." बाबा छताकडे बघत होता.

त्या आठवड्यात एक दिवस शाळा लवकर सुटली. मी किल्लीने दार उघडलं. आई खाटेवर आडवी झाली होती. बाबाचं घड्याळ टीव्हीवर ठेवलेलं. आणि बाबा स्वयंपाकघरात, बेसिनपाशी, दोन्ही पायांवर उभा, दुपारची भांडी घासत होता. ज्या माणसाने आईच्या राज्यात पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने भरून घेतला नव्हता, तो माझ्या घरी कढई घासत होता. पट्टीचा पाय जमिनीवर दाबून ठेवलेला. त्याला काही दुखत नव्हतंच.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पाय कापायला लावणार आहेस का, असं विचारलं, आणि घड्याळ काढून ठेवतोस, मला फसवतोस, लहान मूल आहेस का, असंही. आई उठून बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. तिला माहीत होतं, ते तिच्याकडे बघताच कळलं. रोज चालू असणार हे, माझ्यामागे.

बाबाने नळ बंद केला. हात पुसले. मग वळून म्हणाला, "लेकीच्या घरान फुकट बसून खातंय मी. गिलत नाय मना."

"फुकट काय? मी तुझी मुलगी ना?"

"तुमी मना एकदा बसवलाव. जमीन गेली तवा. बस बाबा, बस बाबा, सगली माया करून बसवलाव. बसून बसून ही साखर झाली. आता परत बसवताव." तो थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पाय गेला तं जाव दे गो. पन मना बसवू नको."

मी त्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि तिथेच खाली फरशीवर बसून रडले. बाबाचा राग आला होता, घड्याळाचा आला होता, आणि आम्ही इतकी वर्षं ज्याला विश्रांती म्हणत होतो त्याचाही आला होता. आम्ही त्याचं काम काढून घेतलं आणि त्याला वाटलं, आपलीच गरज संपली. मग त्याच्या हातात एक यंत्र दिलं, त्या यंत्राने पाठीवर शाबासकी दिली, आणि तो तिच्यामागे अनवाणी धावला. यात त्याचं काय चुकलं? भुकेल्या माणसाने ताट ओढून घ्यावं तसं ते होतं.

शेवटी आईच उठली. सकाळी तिने बिरड्यासाठी मोड आलेले वाल पाण्यात टाकून ठेवले होते, आमच्या घरी वाल लागतात ते पातेलंभर. तिने ते पातेलं उचललं आणि बाबाच्या मांडीवर दणकन ठेवलं. "बसून करायचा काम हाय ह्यो. सोला," ती म्हणाली. "आनि नीट सोला. नुसता दाबू नका, डाळी मोडतील."

बाबाने एक वाल उचलून दोन बोटांत दाबला. डाळ उडून समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. आई म्हणाली, "बगा, मिठागरानचा हात." आणि मला रडता रडता हसू आलं. बाबालाही आलं असावं, पण त्याने मान खाली घातली आणि दुसरा वाल घेतला.

त्यानंतर आमच्या घरात बसून करायच्या कामांना ऊत आला. बाबा पाय स्टुलावर टाकून लसूण सोलायचा, मेथी निवडायचा, सुकट साफ करायचा. शेजारच्या बायकांना कळलं तसे त्यांचेही वाल येऊ लागले. त्यातल्या एकीने तर लग्नघरच्या जेवणाचे वाल आणून ठेवले. पुरुषाने निवडटिपण करायचं म्हणून आई सुरुवातीला दार लोटून घ्यायची, पण बाबाला त्याचं काही वाटेनासं झालं. तो फक्त विचारायचा, "उद्याचा काय हाय?" घड्याळ मी कपाटात ठेवलं. जखम भरायला लागली. फार हळू, पण भरायला लागली. डॉक्टर बाई पट्टी सोडायच्या आणि मी जखमेआधी त्यांचा चेहरा बघायचे. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, पाय वाचला.

मग त्याला खास मऊ चपला शिवून घेतल्या. आता पुन्हा चालायचं होतं, थोडं थोडं. डॉक्टर बाईंनी एक मात्र बजावलं: रोज संध्याकाळी घरातल्या कोणीतरी दोन्ही तळवे डोळ्यांनी तपासायचे, कारण या पायांना आता स्वतःचं काही कळणार नाही. बाबाला ते मान्य नव्हतं. पाय बरा झालाय, म्हणजे सगळंच परत येणार. त्याला गावी जायचं होतं, आणि तिथे सुनेसमोर, नातवंडांसमोर रोज पाय वर करून बसायचं नव्हतं. "मना कलतंय सगला," तो म्हणत राहिला. "बघ पायजे तं."

डॉक्टरांनी मला तपासायची रीत दाखवली होती. जाडसर नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवायचा, माणसाने डोळे मिटून लागलं की सांगायचं. एका संध्याकाळी मी खाली बसले, बाबाचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि म्हटलं, मीट डोळे. दोघांमध्ये ठरलंच होतं की हे जमलं तर तो उद्या गावी जाणार आणि कोणी त्याच्या पायाला हात लावणार नाही.

टाचेला दोरा टेकवला. "लागला," बाबा म्हणाला.

तळव्याच्या मध्यावर. "लागला."

अंगठ्याखाली. "लागला."

मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारणार होते. वाटलं, डॉक्टरांचं चुकलं, नसा परत येतायत, हा पाय पुन्हा आपला आपण सांभाळेल. मी जखमेच्या जागेकडे दोरा नेला, आणि तिथली कातडी इतकी नवी आणि पातळ होती की माझा हात वरच थांबला.

"लागला," बाबा म्हणाला.

दोरा हवेत होता. बाबाने डोळे गच्च मिटले होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ओठ पुढच्या उत्तरासाठी तयार होते. इतका मन लावून ऐकत होता तो, माझा श्वास, माझी बांगडी, जे काही ऐकू येईल ते. मला वाटलं, हो म्हणावं. जाऊ दे त्याला ताठ मानेने गावी. मग मला ती पांढरी फरशी दिसली.

"बाबा," मी म्हटलं, "मी दोरा टेकवला नव्हता."

त्याने लगेच डोळे उघडले नाहीत. आत आई कुकर लावत होती, तिचा आवाज तेवढा येत होता. मी त्याच्या पायावरून हात फिरवत राहिले, त्याला कळत नव्हतं तरी.

"मंग तूच बघत जा," तो म्हणाला, आणि डोळे मिटलेलेच ठेवून त्याने दुसरा पायही उचलून माझ्या मांडीवर ठेवला.